न नेलेले

निगेटिव्हमधल्या माणसाच्या डाव्या भुवईवर व्रण होता. दुपारी साडेबाराला, दुसऱ्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून मी ते उन्हाकडे धरलं होतं, आणि मागे रद्दीवाला गठ्ठे बांधत होता. निगेटिव्हमध्ये सगळेच म्हातारे होऊन येतात. चेहरा काळा, केस पांढरे, बुबुळांच्या जागी दोन दिवे. कातडीवरचा फिकट व्रण तिथे काळा दिसतो. भुवईच्या पांढऱ्या पट्ट्याला मधोमध छेदून कपाळाकडे गेलेली, नखाच्या कोरीएवढी काळी रेघ. ज्या पाकिटातून ते निघालं त्याच्यावर नंबर होता तीन हजार आठशे सोळा. मी हात खाली घेतला. पुन्हा वर केला. व्रण होताच. तीन हजार आठशे सोळा नंबरचा माणूस मी चार महिन्यांपूर्वी मोठा करून, चौकटीत बसवून, त्याच्या मुलीच्या हातात दिला होता, आणि त्याच्या भुवईवर काहीही नव्हतं.

आमच्या दुकानाचं नाव हुबेहूब फोटो स्टुडिओ. यांच्या दुकानाचंही हुबेहूब फोटो स्टुडिओ. नातं नाही, भागीदारी नाही, भांडणसुद्धा धड नाही. बाबांनी दुकान काढलं तेव्हा त्यांच्याकडे कॅमेरा होता, डार्करूम होती, मागे सोडायला रंगवलेल्या जिन्याचा पडदा होता. नाव तेवढं नव्हतं. पाटी रंगवायला आलेल्या पेंटरने विचारलं, काय लिहू? बाबा म्हणाले, तूच सुचव. त्याने 'हुबेहूब' सुचवलं आणि बाबांना ते इतकं आवडलं की त्यांनी त्याला दोनदा चहा पाजला. त्याच पेंटरने त्याच महिन्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला आणखी एका फोटोवाल्याची पाटी रंगवली, आणि तिथेही, बहुधा दोनदा चहा पिऊन, तेच नाव सुचवलं. त्याच्या दृष्टीने त्यात वावगं काहीच नव्हतं. ती अक्षरं त्याला छान जमायची. हे उघडकीला यायला दोन वर्षं गेली. मग बाबांनी पाटीखाली एक ओळ वाढवली: आमची कोठेही शाखा नाही. आठवड्याच्या आत तिकडच्या पाटीखाली ओळ आली: आमचीही. त्यामुळे ज्यांना पत्ता नव्हता त्यांनाही कळलं की दोन आहेत. पुढे दोन्ही बाप थकले, दुकानं आम्हा दोन मुलांकडे आली, आणि नावाबरोबर चुकलेली गिऱ्हाइकंही वारशाने आली. मी फोन उचलावा आणि पलीकडून कुणीतरी तणतणावं, की अख्ख्या अल्बममध्ये नवरा मुलगा कुठेच नाही. मी शांतपणे सांगावं की तो आमचा नवरा मुलगा नव्हे. तिकडचे मालक माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. आमच्या घरात त्यांना 'दुसरे' म्हणतात, त्यांच्या घरात 'दुसरे' म्हणजे आम्ही. समोरासमोर मात्र ते मला 'काय हुबेहूब' म्हणतात, मीही त्यांना तेच म्हणतो. खरी नावं आम्हाला माहीत आहेत, पण ती वापरायची वेळ कधी आली नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "काय हुबेहूब, आहात का अजून?" मी म्हटलं, आहे. "मग ऐका. मी शटर ओढतोय, कायमचं. गुडघे संपले. गिऱ्हाइकं त्याच्याही आधी संपली. लोक आता आपापले काढतात आणि आपापले पुसतात, आपण मध्ये कशाला? जुना माल रद्दीत चाललाय. तुमचं काही चुकून इकडे आलेलं असेल तर येऊन बघून घ्या, मागाहून म्हणाल दुसऱ्यांनी गिळलं." मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आणि नाव?" ते हसले. "न्या की. इस्त्री करून ठेवलंय. आता तुम्ही एकटेच हुबेहूब." बाबा हयातभर या एका वाक्यासाठी थांबले असते. मला मात्र जड टेबल दोघांनी उचललेलं असताना समोरच्याने आपली बाजू अलगद सोडून द्यावी तसं झालं.

तर मी गेलो. त्यांच्या माळ्यावरून खोक्यांमागून खोकी उतरत होती आणि सगळ्या खोक्यांत आमचीच पाकिटं होती, म्हणजे आमच्यासारखी. पिवळट कागद, कोपऱ्यात कॅमेऱ्याचं चित्र, वर वळणदार हुबेहूब. "छापखाना एकच ना," दुसरे म्हणाले. "त्या बाबाने ठसा एकदाच केला आणि गठ्ठे निम्मे निम्मे वाटले. पत्ता घातलाच नाही, म्हणजे कुणाचीही कुणाला चालतील. तुमचे वडील शिक्का मारायचे म्हणे पत्त्याचा?" मारायचे. दर रविवारी सकाळी बाबा पाकिटांचा गठ्ठा घेऊन बसायचे आणि एकेका पाकिटावर पत्त्याचा रबरी शिक्का उमटवायचे, फुंकर घालून वाळवायचे. मी ते लहानपणापासून बघत आलो होतो. दुसऱ्यांच्या माळ्यावरून उतरलेल्या हजारो पाकिटांपैकी एकावरही शिक्का नव्हता. तिथे उभ्या उभ्या मला ग्रंथपाल बाईंचं पाकीट आठवलं, त्याची कोरी खालची बाजू आठवली, आणि मी कुणालाही काही न सांगता तीन हजार आठशेचं खोकं शोधायला लागलो.

त्या आल्या होत्या तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी दुसरं कुणी आलं नव्हतं. पन्नाशीला आलेल्या, शिडशिडीत, खांद्याला कापडी पिशवी. सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे म्हणाल्या, आणि पिशवीतून एक पुस्तक काढून पुस्तकातून ते पाकीट काढलं. रिकामं. वडील गेले तेव्हा त्या अडीच वर्षांच्या होत्या. त्यांचा एकच फोटो होता, तो या पाकिटात ट्रंकेच्या तळाशी असायचा, आणि आई त्याला हात लावू द्यायची नाही. खराब होईल, म्हणायची. गेल्या वर्षी आई गेली. तेरा दिवस थांबून त्यांनी ट्रंक उघडली, पाकीट उघडलं, तर आत काही नव्हतं. "कुठल्या तरी ऑफिसात अर्जाला लावायला दिला असणार आईने," त्या म्हणाल्या, "आणि त्यांनी परत केला नसणार. ते तिला मला सांगता आलं नसेल. पन्नास वर्षं पाकीट सांभाळत बसली." हे त्या अगदी सपाट आवाजात सांगत होत्या, पुस्तक उशिरा परत केलेल्या सभासदाबद्दल बोलावं तसं. मग त्यांनी पाकिटावर बोट ठेवलं. "पण नंबर आहे. नंबर असला की वस्तू सापडते, हा माझा अनुभव आहे."

माझाही तोच अनुभव होता. बाबा रजिस्टरमध्ये नाव कधी लिहायचे नाहीत. तारीख, नंबर, आकार, प्रती, आणि शेवटचा रकाना 'नेले', त्यात बरोबरची खूण. माणूस नाव खोटं सांगू शकतो, नंबर आपण देतो, असं त्यांचं म्हणणं. निगेटिव्ह नंबराप्रमाणे पत्र्याच्या डब्यांत, बटरपेपरच्या पाकिटांत उभी. मी शिडी लावली आणि पाच मिनिटांत तीन हजार आठशे सोळा खाली आणलं. पस्तिशीचा माणूस, मागे भांग, पांढरा शर्ट, सगळी बटणं लावलेली. रजिस्टर काढून बघायचं मला सुचलं नाही. पाकिटावर शिक्का नाही हे दिसलं होतं. म्हटलं, शाई उडाली असेल, इतकी वर्षं झाली. चार दिवसांनी त्या चौकट न्यायला आल्या तेव्हा त्यांनी आधी चष्मा पुसला, मग तो चढवला. उजव्या हाताचं एक बोट नकळत स्वतःच्या डाव्या भुवईवर गेलं होतं. "इथे व्रण होता," त्या म्हणाल्या. "आई सांगायची." मी एका क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "रिटचिंगमध्ये गेला असणार. आमचे वडील व्रण ठेवत नसत."

हे खरंच होतं. सुरकुती असेल तर निगेटिव्हवर बारीक पेन्सिलने भरायची, व्रण असेल तर ब्लेडच्या टोकाने हलकेच खरवडायचा. बाबा उत्तरेच्या खिडकीशी भिंग लावून बसायचे आणि शहरातल्या माणसांचे देवीचे वण, पुटकुळ्या, डोळ्यांखालची जाग्रणं एकेक करून काढून टाकायचे. आमच्या दुकानातून कुणी खरा चेहरा घेऊन बाहेर पडलं असेल असं मला वाटत नाही. तक्रारही कधी आली नाही. एकदाच मला खऱ्या चेहऱ्याचा फटका बसला, तो बाबा गेले तेव्हा. हजारो माणसांचे फोटो काढलेल्या या माणसाचा स्वतःचा एकही फोटो घरात नव्हता, कारण ते कायम काळ्या कापडाच्या मागे. मी दुसऱ्यांकडे गेलो. त्यांच्या वडिलांनी कधीतरी परवान्यासाठी बाबांचा फोटो काढला होता; त्यांचं काम कसं असतं ते बघायला बाबा चुपचाप शत्रूकडे गेले असणार. दुसऱ्यांकडे रिटचिंग करणारं कुणी नव्हतं. जसं असेल तसं. फोटोत बाबांच्या डोळ्याखाली चामखीळ होती, गालावर दोन खोल घळ्या होत्या आणि चेहऱ्यावर एक भेदरलेपण होतं, जे मी कधी पाहिलं नव्हतं. आईने फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "हे ते नव्हेत." मग मी रात्रभर नाही, पण अर्धा दिवस बसून चामखीळ काढली, घळ्या भरल्या. भेदरलेपण काढायचं कसं हे मला येत नव्हतं. ते राहिलं. आई म्हणाली, "आता झाले." तो भिंतीवर आहे. मूळ फोटो मी आत ठेवलाय, कपाटात, आणि खरं सांगायचं तर बाबांची आठवण आली की मी तोच काढून बघतो.

ग्रंथपाल बाई त्या दिवशी 'बरं' म्हणाल्या होत्या. मग म्हणाल्या, "नाक मात्र माझंच आहे, बघा." मी बघितलं. तिचं नाक, त्याचं नाक. आहे म्हटलं तर आहे. फोटोवाल्याला एवढं कळतं की कुठलंही नाक कुठल्याही नाकासारखं दिसू शकतं, फक्त बघणाऱ्याची गरज तेवढी मोठी हवी. पण तेव्हा मी असलं काही मनात आणलं नव्हतं. मला बरं वाटलं होतं. त्यांनी चौकट छातीशी धरून रस्ता ओलांडला तेव्हा मी काउंटरवरून वाकून, त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत होतो.

"सापडलं का तुमचं काही?" पायरीवर माझ्या मागे येऊन दुसऱ्यांनी विचारलं. मी म्हटलं, एक सापडलं. "न्या. एकाने काय वजन घटतंय." त्यांनी निगेटिव्ह माझ्या हातातून घेऊन उन्हाकडे धरलं, डोळा बारीक केला. "कोण हो हा? आमचा की तुमचा?" मी म्हणालो, "तुमचाच. पण काम माझ्याकडे आहे." त्यांनी जास्त विचारलं नाही. ते आत वळले आणि मला त्यांच्या पाठीवर, शर्टावर, भिंतीच्या चुन्याचा पांढरा पट्टा दिसला. झटकावा असं वाटलं, पण चाळीस वर्षांत आम्ही एकमेकांना हात लावला नव्हता.

दुकानात आलो आणि आधी करायला हवं होतं ते आत्ता केलं. रजिस्टर काढलं. तीन हजार आठशे सोळा: तारीख, छोटा आकार, तीन प्रती. 'नेले' रकाना कोरा. मला पुढे काय सापडणार ते कळलं होतं, तरी मी स्टुलावर चढून फळीवरचा बिस्किटांचा मोठा डबा काढला. त्याच्यावर बाबांच्या अक्षरात 'न नेलेले' लिहिलंय. फोटो काढून घेतला आणि न्यायला आलेच नाहीत अशांचे फोटो त्यात असतात. बाबांनी एकही टाकला नाही. वर्षातून एकदा सगळे काउंटरवर मांडायचे, फडक्याने पुसायचे, पुन्हा आत. आई म्हणायची, अहो, आता कुठले येतायत. बाबा म्हणायचे, येतील, कामात असतील. डब्याच्या तळाशी आमच्या शिक्क्याचं पाकीट होतं, ठसठशीत पत्ता, तीन हजार आठशे सोळा, आत तीन प्रती, कडा अजून धारदार. पांढरा शर्ट, सगळी बटणं लावलेली. कुठल्या तरी अर्जासाठी, कुठल्या तरी नोकरीसाठी हा माणूस भांग पाडून आमच्या रंगवलेल्या जिन्यापुढे बसला, शनिवारी या म्हटल्यावर मान हलवून गेला, आणि त्या शनिवारी, किंवा नंतरच्या कुठल्याच शनिवारी, आला नाही. त्याला विचारणारंही कुणी आलं नाही. आणि आता तो एका घरात पुस्तकांच्या कपाटावर बाप म्हणून बसला होता.

बायकोला सांगितलं. ती शिकवण्या घेते, चुका तपासायची तिला सवय आहे. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मग आता?"

"सांगायला हवं."

"त्यांच्यासाठी की तुमच्यासाठी?"

मी म्हटलं, खरं ते खरं. ती म्हणाली, "तुमच्या घराण्याने कधीपासून धरलं हे?" आणि मग, जरा मऊ आवाजात, "सांगा. पण जाऊन सांगा. फोनवर नको."

वाचनालयात मी दुपारी तीनला गेलो. खिशात ते निगेटिव्ह, आणि त्याची सकाळी काढलेली एक प्रत. दुसऱ्यांच्या तीन हजार आठशे सोळातला माणूस रुंद चेहऱ्याचा होता, नाक बसकं, ओठ जाड, आणि तो कॅमेऱ्याकडे न बघता किंचित बाजूला बघत होता, जणू तिकडे कुणी उभं आहे. त्याचं बाईंशी काहीही जुळत नव्हतं. त्या पूर्णपणे आईवर गेल्या असणार. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती आणि तिच्याखाली चार म्हातारे वर्तमानपत्रं धरून शांतता राखत होते. बाई मला बघून उठल्याच. "अहो, मी तुमच्याकडेच येणार होते," त्या कुजबुजल्या. "बसा. माझं एक काम आहे." मी म्हणालो, माझंही आहे. मलाही कुजबुजावं लागलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी घरून पाठ करून आणलेलं वाक्य कुजबुजायच्या आवाजात बोलता येण्यासारखं नाही. ते वाक्य असं होतं: बाई, माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे.

"आधी माझं ऐका," त्या म्हणाल्या. हातातल्या पुस्तकांवर तारखेचा शिक्का मारत त्या बोलत होत्या, एकेका वाक्याला एक शिक्का. फोटो त्यांनी दारासमोरच्या कपाटावर ठेवला होता. आई गेल्यापासून कुलूप उघडून त्या उंबऱ्यातच थांबायच्या, कारण आत कुणाला उद्देशून काही बोलायचं नसायचं. आता त्या आत शिरतात आणि म्हणतात, आले हं. "वेड्यासारखं आहे, मला कळतं. पन्नाशीत बापाशी बोलायला लागले. पण उशिरा परत आलेलं पुस्तकही आपण घेतोच की." त्या हसल्या. मीही हसलो. खिशातला हात खिशातच होता. "फक्त तो व्रण," त्या म्हणाल्या, आणि शिक्का थांबला. "तो परत घालता येईल का हो? ज्याने काढला त्याच हाताने म्हणत नाही मी. पण तुम्हाला येत असेल."

मी विचारलं, इतकं अडतंय का त्यावाचून? आता वाटतं, तेव्हा मी खरं तर वेळ काढत होतो.

"तसं नव्हे. मी झाले ना, त्या दिवशी ते कामावर होते. कुणी तरी निरोप आणला, मुलगी झाली. हे धावत आले आणि खोलीचं दार होतं बुटकं, त्याची चौकट लागली कपाळात. रक्ताने भरलेला चेहरा घेऊनच मला उचललं म्हणे. आई ओरडली, आधी पुसा. तर तो व्रण म्हणजे..." त्यांचं बोट भुवईवर गेलं होतं. "आई रोज झोपताना माझ्या इथे बोट ठेवायची. इथे, म्हणायची, तुझ्यामुळे. तिने मला दुसरं काही सांगितलं नाही. रंग नाही, उंची नाही. हेच. आता फोटोत बघते तर तिथे काही नाही. म्हणजे तो माझ्या आधीचा माणूस झाला ना? अजून मी झालेच नाही. मी आले हं म्हणते, पण तो मला ओळखत नसणार, असं वाटतं."

चारपैकी एका म्हाताऱ्याने वर्तमानपत्र खाली करून आमच्याकडे बघितलं. माझ्या बोटांना खिशातल्या प्रतीची कड लागत होती. त्या प्रतीत व्रण होता, ताजा, कडांना अजून किंचित सुजलेला. बाई अडीच वर्षांच्या नव्हे, अडीच महिन्यांच्या असतील तेव्हाचा. एकदा हात बाहेर काढला असता तर झालं असतं. हा घ्या तुमचा बाप. आणि तो दारासमोरचा? तो कुणाचा कुणी नाही, त्याला खाली उतरवा. चार महिने ज्याला आले हं म्हटलं त्याला पिशवीत घालून माझ्याकडे परत आणून द्या, मी त्याला डब्यात ठेवतो. आणि मग या रुंद, अनोळखी, बसक्या नाकाच्या माणसाकडे बघून त्या काय म्हणतील याची मला कल्पना होती, कारण ते वाक्य मी माझ्या आईच्या तोंडून ऐकलं होतं. हे माझं त्यांच्याबद्दलचं प्रेम होतं असं मी म्हणणार नाही. मी घाबरलो होतो. त्या बाईंच्या चेहऱ्यावर जे उमटलं असतं ते मला बघायचं नव्हतं, आणि ते पुसायला माझ्याकडे ना पेन्सिल होती ना ब्लेड.

"येईल," मी म्हणालो. "आठ दिवसांत करून देतो."

"आणि तुमचं काय काम होतं?"

"काही नाही. वाचनालयाचं सभासद व्हायचं होतं."

त्यांनी फॉर्म दिला. मी भरला. नाव, पत्ता, व्यवसाय. त्यांनी मला नंबर दिला.

कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम होतं. ते मी केलं नाही. उत्तरेच्या खिडकीशी बाबांचं तिरकं स्टँड लावलं, त्याला भिंग, त्यामागे उजेड, आणि काचेवर दोन निगेटिव्ह शेजारी शेजारी ठेवली: डावीकडे ज्याला व्रण आहे तो, उजवीकडे ज्याला नाही तो. दोघांचा नंबर एकच, दोघांच्या दुकानाचं नाव एकच. दोघांचेही केस पांढरे झालेले. बाबांच्या पेन्सिलींचं टोक सुईसारखं असे. मला तसं काढायला सकाळ गेली. हात थरथरू नये म्हणून ते मनगटाखाली पुस्तक ठेवायचे, तसं मी ठेवलं. डावं-उजवं तीनदा तपासलं. मग त्या माणसाच्या भुवईवर, भुवईला मधोमध छेदून कपाळाकडे, अगदी सावकाश, एकेका ठिपक्याने, मी दुसऱ्याचा व्रण उतरवायला लागलो. कडांची सूज आली पाहिजे. वरच्या टोकाला तो किंचित आत वळतो, ते वळण आलं पाहिजे. बाबांनी हयातभर माणसांवरून जे खरवडून काढलं त्यातलं थोडंसं मी एका माणसावर परत ठेवत होतो, चुकीच्या. मध्ये एकदा डोळ्यांत पाणी आल्यामुळे थांबावं लागलं. भिंगातून बघत बसलं की येतं. बाबांनाही यायचं.

झाल्यावर आमच्या नंबरपुढे रजिस्टरमध्ये 'नेले' रकान्यात बरोबरची खूण केली. दुसऱ्यांचं निगेटिव्ह आणि त्याची प्रत मी त्यांच्या बिनशिक्क्याच्या पाकिटात घातली. पाकिटावर शिक्का मारावा का, याचा थोडा विचार केला. मारला नाही. ते बिस्किटांच्या डब्यात ठेवून झाकण लावलं.

बाई शनिवारी आल्या. चौकट काउंटरवर ठेवली तेव्हा त्यांनी पुन्हा आधी चष्मा पुसला. काचेवर, भुवईच्या जागी बोट ठेवलं, मग तेच बोट स्वतःच्या भुवईवर. तिथून ते बराच वेळ हललं नाही.

"असाच होता?" त्यांनी विचारलं.

"असाच होता," मी म्हणालो. सगळ्या प्रकरणात तेवढं एक खरं होतं, आणि ते मला मोठ्याने म्हणता आलं.

त्यांनी चौकट कापडात गुंडाळली, पिशवीत उभी ठेवली. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. वर पाटीकडे बघत होत्या. "मी मागेच विचारणार होते," त्या म्हणाल्या. "आम्ही तेव्हा अगदी तिकडच्या टोकाला राहायचो. आमच्या घराजवळही फोटोवाला होता म्हणे एक. मग एवढ्याशा फोटोसाठी ते इतक्या लांब, तुमच्याकडे का आले असतील?"

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. चष्म्यामागे डोळे अगदी शांत होते. नंबर चुकलेलं पुस्तक फळीवर दिसल्यावर ग्रंथपालाचे असतात तसे. त्यात प्रश्न होता की विनंती, मला अजून सांगता येत नाही.

"तेव्हा आमचं नाव होतं," मी म्हणालो. "लांबून लांबून यायचे लोक."

त्यांनी पिशवीचा बंद खांद्यावर नीट केला.

"हो," त्या म्हणाल्या. "असेल." आणि पिशवी दाराच्या चौकटीला लागू नये म्हणून एक हात तिच्यावर आडवा धरून बाहेर पडल्या.